इंजिनाचे प्रमाणपत्र : शुल्क थोडे, हंगाम मोठा

हर्णे, (प्रतिनिधी) - जून-जुलैत हर्णेचा किनारा शांत असतो. शासनाने घातलेल्या पावसाळी मासेमारी बंदीमुळे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. काही नौका आंजर्ल्याच्या खाडीत आसरा घेतात, काही किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. इंजिन खोलून त्याची डागडुजी करण्याचे दिवसही हेच. याच दिवसांत मच्छीमारांच्या घरांतून एक प्रश्न दरवर्षी पुढे येतो, तो म्हणजे मुलाला इंजिनाचे रीतसर शिक्षण द्यावे काय आणि दिले तर ते पदरात किती टाकील?

प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. शुल्काचा आकडा पाहून निर्णय घेणारे येथे बहुधा चुकतात, कारण या शिक्षणाची खरी किंमत शुल्कात नाहीच.

सहा महिन्यांचा अभ्यासक्रम

राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे एक प्रशिक्षण केंद्र रत्नागिरीत आहे. सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन, तसेच सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन असा सहा महिन्यांचा एकत्रित अभ्यासक्रम तेथे चालतो. जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर अशी त्याची दोन सत्रे असतात. विभागाच्या अलीकडच्या वर्षांतील जाहिरातींनुसार उमेदवाराचे वय १८ ते ३५, शिक्षण किमान चौथी उत्तीर्ण, पोहण्याचे ज्ञान आणि प्रत्यक्ष मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव अशा अटी आहेत. शुल्क दरमहा ४५० रुपये, म्हणजे सहा महिन्यांचे २,७०० रुपये होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी ते दरमहा १०० रुपये, म्हणजे एकूण ६०० रुपये होते.

चौथीची अट महत्त्वाची आहे. दहावीपूर्वी शाळा सुटलेल्या तरुणासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील डिझेल मेकॅनिकचा मार्ग बंद असतो. त्याला तांत्रिक शिक्षणाकडे नेणारा जवळचा दरवाजा हाच आहे.

न दिसणारा खर्च

हर्णेहून रत्नागिरी शंभर किलोमीटरहून दूर आहे. रोज ये-जा करणे शक्य नाही, त्यामुळे राहण्या-जेवणाचा विचार आलाच. त्याहून मोठा खर्च बुडणाऱ्या मजुरीचा. कोणतेही सत्र निवडले तरी बंदीचा एकच महिना त्यात येतो. उरलेले पाच महिने मासेमारीचेच असतात.

उदाहरणापुरते आकडे धरू. खलाशाला महिन्याला १५,००० रुपये मिळतात असे मानले तर पाच महिन्यांत ७५,००० रुपये बुडतील. राहण्या-जेवणाचे दरमहा ४,००० रुपये धरल्यास सहा महिन्यांचे २४,००० होतात. त्यात शुल्काचे २,७०० मिळवले की एकूण खर्च १,०१,७०० रुपयांवर जातो. म्हणजे शुल्क हा एकूण खर्चाचा जेमतेम अडीच ते तीन टक्के भाग झाला.

आता परताव्याकडे वळू. प्रमाणपत्रानंतर हा खलाशी इंजिनचालक झाला आणि त्याची कमाई दरमहा ३,००० रुपयांनी वाढली, तर दहा महिन्यांच्या हंगामात ३०,००० रुपये अधिक मिळतील. खर्च भरून निघण्यास साडेतीन हंगाम लागतील. विशीतील तरुणाला हा सौदा परवडणारा आहे. पस्तिशीला टेकलेल्या आणि घर चालविणाऱ्या माणसाने मात्र दोनदा विचार करावा. शिवाय ही वाढ आपोआप होत नाही. नौकामालक कागदापेक्षा हात पाहतो. चालकाची जागा देण्यास कोणी तयार आहे काय, हे आधीच विचारून ठेवलेले बरे. हंगामाची उचल घेतलेल्याला जानेवारीत काम सोडणे कठीण जाते. त्याच्यासाठी नवा हंगाम ठरण्यापूर्वी सुरू होणारे जुलैचे सत्र सोयीचे ठरावे.

मालकाच्या घरातील हिशेब वेगळा

ज्यांची स्वतःची नौका आहे त्यांचे गणित मजुरीवर नव्हे, तर बिघाडावर मांडावे लागते. भर समुद्रात इंजिन बंद पडले की दुसऱ्या नौकेकडून ओढून आणावे लागते. भरलेले डिझेल व बर्फ वाया जातो, खलाशांचा खर्च चुकत नाही, मासळी हातची जाते आणि वर मेकॅनिकचे बिल येते. एका बिघाडाचे नुकसान २५,००० रुपये धरले, तर असे चार बिघाड टळताच प्रशिक्षणाचा जवळजवळ सारा खर्च वसूल होतो.

बिघाड टळतात ते लहानसहान गोष्टींनी. डिझेलमध्ये पाणी शिरले तर ते गाळणीतून वेळीच काढणे, खारे पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी पाते झिजण्यापूर्वी बदलणे, थंड पाण्याच्या नळ्यांत साचलेले क्षार साफ करणे, ठरलेल्या तासांनंतर वंगण तेल बदलणे, पंख्याच्या दांड्यापाशी पाणी झिरपते काय हे पाहणे. यांपैकी बहुतेक कामे अनुभवी चालक जाणतो. मात्र तापमान का वाढले, धूर काळा का झाला, याचे कारण शोधण्याची पद्धत शिक्षणाने येते.

हर्णेला याचे महत्त्व अधिक आहे. वारा फिरला की येथील नौकांना आंजर्ल्याच्या खाडीकडे धाव घ्यावी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्याची दैना केली, त्या आठवणी ताज्या आहेत. अशा वेळी चालू न होणारे इंजिन हा केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही.

किनाऱ्यावरची नोकरी हवी असेल तर

समुद्र सोडून लोटे-परशुरामच्या कारखान्यांत किंवा मुंबई-पुण्याच्या कार्यशाळांत नोकरी हवी असेल, तर हे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र फारसे उपयोगी पडणार नाही. तेथे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र पाहिले जाते. दहावी उत्तीर्णांसाठी डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर फिटरचा दोन वर्षांचा आहे. त्यानंतर १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी करता येते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने अशा प्रमाणपत्रधारकांचे किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरविले. शिकताना काही मिळकत सुरू होते, हा या मार्गाचा मोठा फायदा.

मोठ्या मासेमारी जहाजांवर जायचे असल्यास कोची येथील 'सिफनेट' या केंद्रीय संस्थेचा दोन वर्षांचा मरीन फिटर अभ्यासक्रम आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची केंद्रे चेन्नई व विशाखापट्टणम येथेही आहेत.

येथे एक इशारा आवश्यक आहे. मासेमारी नौकेच्या इंजिनाचे प्रमाणपत्र दाखवून व्यापारी जहाजावर नोकरी मिळत नाही. त्यासाठी केंद्राच्या नौवहन यंत्रणेने मान्य केलेल्या संस्थेतील जीपी रेटिंगसारखे प्रशिक्षण लागते. 'सहा महिन्यांत बोटीवर नोकरी' असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. संस्थेची मान्यता तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

निर्णयापूर्वी

मत्स्यव्यवसाय केंद्राच्या अर्जास स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेची शिफारस जोडावी लागते; दारिद्र्यरेषेखालील सवलतीसाठी गटविकास अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. ही कागदपत्रे बंदीच्या काळात धावाधाव करून मिळविण्यापेक्षा आधीच काढून ठेवणे सोयीचे. यंदाचे शुल्क व प्रवेशाची मुदत केंद्रात विचारून घ्यावी.

थोडक्यात, घरची नौका असलेल्या आणि समुद्रावरच राहू इच्छिणाऱ्या तरुणाला हा अभ्यासक्रम निःसंशय फायद्याचा आहे. खलाशाला तो फायद्याचा ठरेल, पण चालकाची जागा समोर दिसत असेल तरच. ज्याचे मन किनाऱ्यावरच्या नोकरीत आहे आणि जो दहावी झाला आहे, त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची वाट धरावी. शुल्काचा आकडा तिन्ही वेळा गौण आहे. सहा महिने कशासाठी खर्च करायचे, हे घरात बसून आधी ठरवायला हवे.