मोठा बास मागे येतो, पण तोंड का उघडत नाही? ग्लाइड बेटची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही.)

इअरफोन नीट लावा, नाहीतर बसमध्ये बसून हे वाचत असाल तर एक स्टॉप पुढे जाऊ नका.

गेल्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, तू कॅलिफोर्नियात जाऊन वीतभर लांबीचं लाकडी खेळणं पाण्यात फेकतोस आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येतोस. यात मजा काय?" प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या बाबांनीही हाच विचारला होता, फक्त जरा जास्त टोचेल असा. त्यांच्याकडे शेवटी येतो. आधी हे खेळणं काय आहे ते बघू.

०१:३० | बास म्हणजे कोण?

लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास. गोड्या पाण्यातला शिकारी मासा, मूळचा उत्तर अमेरिकेचा. आपल्याकडे नाही. पण स्वभाव समजायला आपली मरळ आठवा. शेवाळात, पाणवनस्पतीत दबा धरून बसणारी, जवळून काही गेलं की झडप घालणारी. बासचंही तसंच. तो पाठलाग करत मैलभर पळत नाही. आडोशाला थांबतो, तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो.

मी राहतो दक्षिण कॅलिफोर्नियात. इथलाही तो मूळचा नाही, आणून सोडलेला आहे. १९५९ मध्ये सॅन दिएगोच्या तलावांत फ्लोरिडाच्या जातीचा बास आणला गेला. ही जात जास्त मोठी होते. त्यात भर म्हणून इथल्या अनेक तलावांत थंडीच्या दिवसांत हॅचरीत वाढवलेला ट्राउट सोडतात, लोकांना पकडता यावा म्हणून. आता विचार करा, तुम्ही तलावातला मोठा बास आहात आणि दर काही दिवसांनी ट्रक भरून मऊ, चरबीदार, तलावाची माहिती नसलेले मासे कुणीतरी तुमच्या दारात ओततंय. काय होईल? १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या उत्तरेला कास्टेइक तलावात २२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १० किलोचा बास मिळाला, तो याच जेवणावर पोसलेला.

म्हणून इथल्या लोकांनी ट्राउटएवढी आमिषं करायला सुरुवात केली. छोट्या किड्याच्या आकाराच्या आमिषाला मोठा बास येतच नाही असं नाही, येतो. पण म्हाताऱ्या, जड माशाचं गणित वेगळं असतं. दहा वेळा उठून दहा घास खाण्यापेक्षा एकदाच उठून पोटभर खाणं त्याला परवडतं.

०४:२० | ग्लाइड बेट चालतं कसं?

ग्लाइड बेट म्हणजे दोन तुकड्यांचा नकली मासा. डोक्याकडचा भाग मोठा, शेपटीकडचा लहान, मध्ये एकच सांधा. बस. जास्त सांधे असलेली आमिषं सापासारखी वळवळतात. एक सांधा असलेलं आमिष वळवळत नाही, ते घसरतं. डावीकडे एक लांब घसरण, मग उजवीकडे. वरून पाहिलं तर इंग्रजी 'एस' अक्षर दिसतं.

का होतं असं? आमिषाचं अंग उभं आणि चपटं असतं. दोरी ओढली की डोकं एका बाजूला कलतं, त्या बाजूच्या सपाट अंगावर पाणी दाबतं, शेपटीचा तुकडा उलट्या बाजूला फिरतो आणि पुढच्या ओढीला डोकं दुसरीकडे वळतं. आता महत्त्वाची गोष्ट. घसरायला त्याला मोकळीक लागते. दोरी सतत ताणलेली ठेवली तर नाक सरळ तुमच्याकडेच ओढलं जातं आणि घसरण आखूड होते. रीलचा अर्धा फेरा, मग दोरीत किंचित ढील. अर्धा फेरा, ढील. सायकलचं पायडल मारून सोडून देतो ना, तसं. पुढचं काम आमिष करतं.

आकार सांगतो. रिव्हर टू सी कंपनीचं एस-वेव्हर १६८ हे साधारण १६८ मिलिमीटरचं, ४५ ग्रॅमच्या आसपास. जपानच्या गॅन क्राफ्टचं जॉइंटेड क्लॉ १७८. आणि जपानच्याच डेप्सचं स्लाइड स्विमर २५०, जे पाव मीटर लांब आणि दीडशे ग्रॅमच्या वर. सुरुवात करायची तर पहिल्या आकारापासून करा. स्वस्त पडतं आणि खांदा वाचतो.

मोठ्या आमिषांना रॉडही तसाच लागतो. पावणेआठ-आठ फुटी, जाड, पण टोकाला थोडा वाकणारा. दोरी २० ते २५ पौंडांची. फेकताना झटका द्यायचा नाही, गोफण फिरवतो तसं सावकाश, लांब वळण घेऊन सोडायचं. झटका दिला की रीलमध्ये गुंता होतो, दोरी तटकन तुटते आणि तुमचे शंभर डॉलर एकटेच पोहायला जातात. माझे गेलेत. त्या दिवशी घरी "आज काहीच घडलं नाही" एवढंच सांगितलं.

०७:४५ | बाथटबचा घोटाळा

हे ऐका, कारण हे फार लोक सांगत नाहीत.

बरीच ग्लाइड बेट्स अगदी सावकाश बुडतील अशी बनवलेली असतात. त्यांना शिशाच्या पातळ चिकटपट्ट्या लावून वजन कमी-जास्त करता येतं. मी हुशारी केली. घरी बाथटबमध्ये कोमट पाणी भरलं आणि तासभर बसून आमिष असं जमवलं की ते पाण्यात जवळजवळ तरंगत थांबेल. दुसऱ्या दिवशी पहाटे तलावावर टाकलं, तर बुचासारखं वर!

कारण शाळेतलंच आहे. थंड पाणी जास्त घन असतं. ३० अंशांचं पाणी आणि १२ अंशांचं पाणी यांच्या घनतेत फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण दीडशे घनसेंटिमीटरच्या आमिषाला तेवढ्यानेच सुमारे अर्धा ग्रॅम जास्त उचल मिळते. जे आमिष आधीच काठावर तोललेलं आहे, त्याला अर्धा ग्रॅम पुरतो. तेव्हा तोलायचं ते तलावाच्या पाण्यात, त्याच दिवशी. आणि हिवाळ्यात जमवलेलं आमिष उन्हाळ्यात जरा लवकर बुडेल हेही लक्षात ठेवा.

०९:५० | मागे येतो, पण खात नाही

आता मूळ दुखणं. ग्लाइड बेटची सगळ्यात मोठी गंमत आणि सगळ्यात मोठा छळ एकच: मासा मागे येतो. नितळ पाणी, पोलराइज्ड चष्मा, आणि तुमच्या आमिषामागे हातभर लांब काळी सावली. किनाऱ्यापर्यंत येते. बघते. वळते. जाते. पहिल्या वर्षी माझं हेच चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा सांगलीहून सहा महिने आले होते. बाबांचं लहानपण कृष्णेच्या काठी, बेडकी लावून मरळ धरण्यात गेलेलं. एका सकाळी ते माझ्यासोबत आले. कॅलिफोर्नियात १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, त्यांच्याकडे नव्हता, म्हणून रॉडला हात न लावता मागे खुर्ची टाकून बसले. दोन मासे मागे आले, दोन्ही परत गेले. बाबा म्हणाले, "अरे, तो जवळ आला की तू थांबतोस."

मी म्हटलं, "बाबा, त्याला खायला वेळ नको का द्यायला?"

"तुझ्या मागे कुत्रं लागलं तर तू उभा राहून त्याला वेळ देतोस का?"

मंडळी, दहा-बारा तास व्हिडिओ बघून मला जे कळलं नव्हतं ते हे. शिकार घाबरली की पळते. मागचा मासा बघून जे शांतपणे त्याच चालीने चालत राहतं, ते त्याला खोटं वाटतं. मग करायचं काय?

एक, मासा मागे दिसला की रीलला दोन-तीन झटपट अर्धे फेरे द्या, आमिष एकदम दचकल्यासारखं व्हायला हवं. दोन, लगेच ढील सोडा. आमिष आडवं वळतं, कधीकधी पूर्ण फिरून माशाच्या तोंडासमोर येतं. बहुतेक घास याच क्षणी बसतात. तीन, पाण्याच्या कडेला उभे राहू नका. दोन-तीन पावलं मागे, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता. शेवटच्या तीन मीटरमध्ये मासा आमिषाऐवजी तुम्हाला बघतो.

आणि तरीही नाही खाल्लं तर? जागा आणि वेळ फोनमध्ये लिहून ठेवा. आता तुम्हाला त्याचं घर माहीत आहे. ढगाळ हवा असताना, पाण्यावर बारीक लहरी असताना किंवा संध्याकाळच्या कमी उजेडात परत या. माझ्या अनुभवात १० ते १६ अंशांचं नितळ पाणी या आमिषाला सगळ्यात चांगलं. गढूळ पाण्यात हा खेळ जमत नाही, कारण तो मुळात बघण्याचा खेळ आहे.

घास बसला की हाताला धक्का जाणवेलच असं नाही. आमिष दिसेनासं होतं, किंवा दोरी आडवी सरकते. तेव्हा रॉड वर झटकू नका. दोरी गोळा करत बाजूला लांब ओढा. मासा उडी मारून डोकं झटकतो आणि जड आमिषाच्या वजनानेच गळ निसटतो, म्हणून रॉडचं टोक खाली ठेवा.

१४:१० | आठ पौंड सहा औंस

फेब्रुवारीत, एका खडकाळ टोकावर, बाबांच्या समोर मला ८ पौंड ६ औंसांची मादी मिळाली. ३.८ किलो. विक्रम वगैरे काही नाही. पण माझे हात थरथरत होते.

इथे एक कबुली द्यायची आहे. त्याच्या आदल्या वर्षी मला जवळपास एवढीच मादी मिळाली होती. मी एकटा होतो. फोन दगडावर टेकवून फोटो काढायच्या नादात तिला कोरड्या वाळूवर ठेवलं, दोनदा पडली. पाण्यात सोडली तर एका अंगावर कलली. वीस मिनिटं गुडघाभर पाण्यात तिला सरळ धरून उभा होतो. शेवटी खोल पाण्यात गेली. जगली का, माहीत नाही. तो फोटो मी कुठेच टाकला नाही.

एवढा मोठा बास जवळजवळ नेहमी मादीच असते, आणि त्या वजनाला पोचायला तिला बरीच वर्षं लागतात. अंडी घालायच्या आधीच्या काळात ती उथळ पाण्याकडे येते, म्हणजे आपल्याला सगळ्यात सोपी असते तेव्हाच तिच्या पोटात पुढची पिढी असते. म्हणून आता माझे नियम ठरलेले आहेत: रबरी जाळं, लांब पकड, ओले हात. मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ काढायचा. एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली. नुसत्या जबड्याने आडवा लटकवायचा नाही. बाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखायचा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की तिला परत पाण्यात.

या वेळी फोटो बाबांनी काढला. धूसर आलाय. ती शेपटीचा एक फटका मारून गेली.

१७:०० | बाबांचा प्रश्न

मग ते म्हणाले, "खाणार नाहीस तर त्रास कशाला देतोस तिला?"

मी विक्रमाची गोष्ट सांगितली. २ जून १९३२, जॉर्जिया राज्य, जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. मंदीचे दिवस होते. त्याच्या घरच्यांनी तो खाल्ला. बाबा म्हणाले, "शहाणी माणसं." मग २ जुलै २००९, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना जिवंत ब्लूगिल लावून १०.१२ किलोचा मिळाला. पेरीपेक्षा थोडा जास्तच, पण नियमानुसार किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून बरोबरी धरली गेली. आणि बिवामध्ये तर बास उपरा मासा आहे, तिथल्या मूळ माशांना तो खातो. २००३ पासून तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच बंदी आहे.

म्हणजे एकच मासा, एका तलावात सोडणं शहाणपणाचं, दुसऱ्यात गुन्हा. त्या त्या पाण्याचे नियम वाचा. आणि कुणाच्या डोक्यात आलं असेल की ही पिल्लं उजनीत किंवा पवनेत सोडू, तर कृपा करून नको. आपली मरळ आहे, खडस आहे, खाडीत जिताडा आहे. त्यांच्यामागे लागा.

पण बाबांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मला तो मासा बघायचा असतो, हे खरं. तेवढ्यासाठी त्याच्या तोंडात गळ घालावा का? मी अजून जातो. पण आता वर्षभर नाही. अंडी घालायचे आठवडे सुरू झाले की ग्लाइड बेट पेटीत. आणि आमिषाला दोनऐवजी शक्यतो एकच तीन टोकांचा गळ ठेवतो, त्याचीही आतली अणी पकडीने दाबून. काही मासे त्यामुळे सुटतात. सुटू देत.

बाबा आता सांगलीला आहेत. रविवारी फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो, "आली का मागे?" असा असतो.

तुमच्या घरी कुणी नदीवर मासे धरायचं का? कसे, काय लावून? व्हॉइस मेसेज पाठवा, निवडक पुढच्या भागात वाजवू. पुढचा भाग खाडीतल्या जिताड्यावर. तोपर्यंत हेडफोन चार्ज करा, आणि पाण्याच्या कडेपासून दोन पावलं मागे राहा. भेटू!