पेव आणि फेस

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिम काठावर, असदगडाच्या बुरुजापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर होतं. अंगणाच्या एका कोपऱ्यात दगडी झाकण आणि त्याखाली पेव. मी पाहिलं तेव्हा ते रिकामं होतं. पण आजी नवी सून म्हणून आली त्या काळी वर्षाची ज्वारी त्यात राहायची. तोंड अरुंद, पोट मोठं, जणू जमिनीत पुरलेला रांजण. आतून कडब्याचं आणि भुशाचं अस्तर. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी झाकण बाजूला करून वारा लागू द्यायचा, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. आजी सांगायची, "कंदील जळत राह्यला तं उतरा. इझला तं समजा, पेव मानूस मांगते."

पेव माणूस का मागतं, ते पुढे शाळेत कळलं. साठवलेला दाणा मेलेला नसतो, तो श्वास घेत असतो. थोडी ओल लागली तर बुरशीही जागी होते. दोन्हींतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचतो, दिवा विझवतो आणि माणसाला गुदमरवतो. शॅम्पेनच्या पेल्यात तळापासून वर धावणारे मोत्यासारखे बुडबुडे याच वायूचे. आमच्या पूर्वजांनी त्याला भिऊन कंदील सोडला, फ्रान्समधल्या लोकांनी त्याला बाटलीत कोंडून जगाला विकला. ही दारूची तारीफ नाही. विदर्भात वर्धा आणि गडचिरोलीसारखे दारूबंदीचे जिल्हे आहेत, आणि दारूने मोडलेली घरं सगळ्यांनीच पाहिली आहेत. मला कुतूहल आहे ते जपणुकीचं. शेतात पिकलेली एक वस्तू दोन-तीनशे वर्षं आपलं गाव, आपलं साल आणि आपलं नाव कसं सांभाळते?

पांढरीची तळघरं

आपल्याकडे गावठाणाला 'पांढरी' म्हणतात आणि शेतीला 'काळी'. पेव काळीत टिकत नाही. ती माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पेव खणायचं ते पांढरीत किंवा मुरमात. पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या शॅम्पेन प्रदेशालाही निसर्गाने अशीच पांढरी दिली आहे, फक्त ती खडूची. रँस शहराखाली रोमन काळापासून बांधकामासाठी खडूचा दगड काढत असत. त्या खाणींचे उभे खड्डे तसेच राहिले: वर अरुंद, खाली रुंद, काही तीस मीटरहून खोल. आत बारा महिने सारखाच गारवा आणि अंधार. अठराव्या शतकात मद्याच्या व्यापाऱ्यांना या खड्ड्यांची किंमत कळली. १७२९ मध्ये स्थापन झालेलं रुइनार हे शॅम्पेनचं सर्वांत जुनं घराणं आजही अशाच खड्ड्यांत बाटल्या निजवतं. २०१५ मध्ये युनेस्कोने इथले मळे, घराणी आणि तळघरं जागतिक वारशात घेतली.

शॅम्पेनचा शोध दोम पेरिन्यों नावाच्या साधूने लावला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. तो १६६८ पासून ओव्हिलेरच्या मठात कोठाराचा कारभारी होता आणि वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षं मिसळण्यात वाकबगार होता. पण बुडबुडे हा त्याच्या लेखी दोष होता आणि तो घालवण्यासाठी त्याने कष्ट घेतले. थंडी लवकर पडली की पिंपातलं आंबणं अर्धवट थांबायचं आणि वसंतात ऊब लागली की पुन्हा सुरू व्हायचं, बुडबुडे येत ते त्यातून. पेरिन्यों कारभारी होण्याआधीच, १६६२ मध्ये, ख्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितलं होतं की मद्याला फेस यावा म्हणून इंग्लंडमधले व्यापारी त्यात साखर घालतात. दगडी कोळशाच्या भट्टीत केलेल्या इंग्रजी बाटल्या जाड असत, त्या दाब सोसत.

फ्रेंच बाटल्या तो सोसत नसत. शॅम्पेनच्या बाटलीत हवेच्या दाबाच्या पाच ते सहा पट दाब असतो. एक बाटली फुटली की शेजारची फुटे आणि तिच्या धक्क्याने पुढची रांग. मराठीत 'पेव फुटणे' म्हणजे एखाद्या गोष्टीचा सुकाळ होणे. तिथे तळघर फुटलं म्हणजे घराण्याचं दिवाळं. एखाद्या वर्षी निम्म्याहून अधिक माल जाई. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचा मुखवटा चढवून आत जात. १८३० च्या दशकात शालाँ गावच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने मद्यात किती साखर उरली आहे ते मोजण्याची रीत काढली, तेव्हा कुठे हा जुगार आटोक्यात आला.

विधवेचं टेबल

वऱ्हाडात अडगावची लढाई १८०३ मध्ये झाली. त्यानंतर दोन वर्षांनी रँसमध्ये फ्रांस्वा क्लिको हा व्यापारी वारला. मागे सत्तावीस वर्षांची बायको, बार्ब-निकोल, आणि एक लहान मुलगी. फ्रेंच कायद्यात विवाहितेला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यापार करता येत नसे, विधवेला येई. तिने सासऱ्याला गळ घातली आणि पेढी आपल्या हातात घेतली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या 'व्हव क्लिको' या नावातल्या 'व्हव'चा अर्थच मुळी 'विधवा'. त्याच सुमारास आपल्याकडे विधवेच्या वाट्याला माजघराचा कोपरा येत होता. तिने तो शब्द बाटलीवर छापला.

तिचं मोठं काम गाळाचं. बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना मेलेलं यीस्ट तळाशी बसतं आणि मद्य गढूळ दिसतं. तिने टेबलाला तिरपी भोकं पाडून बाटल्या मान खाली करून रोवल्या. रोज थोडी थोडी फिरवली की काही आठवड्यांत सगळा गाळ बुचाशी येतो. मग बूच उडवायचं, गाळ दाबाने बाहेर पडतो, आणि कमी झालेलं मद्य भरून बाटली पुन्हा बंद करायची. हे टेबल १८१६ चं मानतात. १८१४ मध्ये, नेपोलियनचं युद्ध संपतं न संपतं तोच, तिने रशियाकडे जहाज धाडलं आणि प्रतिस्पर्धी जागे होण्याआधी तिथली बाजारपेठ गाठली. एकाच सालाच्या द्राक्षांची म्हणून नोंदलेली पहिली शॅम्पेनही याच घराण्याची, १८१० ची.

साल हा शब्द इथे महत्त्वाचा. बहुतेक शॅम्पेन अनेक वर्षांच्या मद्यांची मिसळण असते, कारण तिथलं हवामान लहरी. ऊन, थंडी आणि पाऊस जुळून आलेल्या वर्षीच घराणी त्या सालाची वेगळी बाटली काढतात. ती बाटलीत भरल्यावर किमान तीन वर्षं तळघरात ठेवावीच लागते, पुष्कळ घराणी त्याहून जास्त ठेवतात. सालों हे घराणं एकाच गावच्या एकाच जातीच्या द्राक्षापासून, तेही साल जमलं तरच शॅम्पेन करतं. साल जमलं नाही तर त्या वर्षी त्याची बाटलीच नाही. आपल्याकडे सालाला नाव पडतं ते दुष्काळाचं: छप्पनचा दुष्काळ, बहात्तरचा दुष्काळ. चांगलं साल खाऊन संपतं.

जुन्या सालांची खरी परीक्षा समुद्राने घेतली. २०१० मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ सुमारे पन्नास मीटर खोल बुडालेल्या एका जहाजात १६८ बाटल्या सापडल्या. साधारण १७० वर्षांच्या. लेबलं केव्हाच विरघळली होती, पण बुचांवर घराण्यांचे छाप होते: व्हव क्लिको, हाइडसीक आणि कधीच बंद पडलेलं झ्युग्लार. थंडगार अंधाऱ्या पाण्याने तळघराचं काम केलं होतं. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा एका लिटरात सुमारे दीडशे ग्रॅम साखर निघाली. आजच्या 'ब्रूत' शॅम्पेनमध्ये ती बारा ग्रॅमच्या आत असते. पणजोबांच्या पिढीची जीभ किती गोडघाशी होती, ते असं समुद्राच्या तळातून कळलं. पुढच्या वर्षी त्यातली क्लिकोची एक बाटली तीस हजार युरोला गेली.

नाव कोणाचं?

इथवरची गोष्ट घराण्यांची झाली. द्राक्षं मात्र पिकवणार शेतकरी, आणि घराण्यांच्या वैभवात त्याचा वाटा नेहमीच तोकडा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे रोग, गारपीट आणि नापिकीने मळे बसले. त्यातच काही व्यापारी दुसऱ्या प्रदेशांतून स्वस्त द्राक्षं आणून त्यावर शॅम्पेनचं नाव लावू लागले. १९११ मध्ये शेतकरी उठले. आय गावात व्यापाऱ्यांची कोठारं फोडली, गाड्या उलटवल्या, रस्त्यांतून मद्य वाहिलं. सरकारला लष्कर पाठवावं लागलं. या भांडणातून शॅम्पेन म्हणावा असा प्रदेश कोणता, हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९२७ च्या कायद्याने त्याच्या सीमा पक्क्या केल्या. जगभरचे वकील आज ज्या नावासाठी न्यायालयात उभे राहतात, त्याला धार आणली ती चिडलेल्या शेतकऱ्यांनी.

हे वाचलं तेव्हा मला वऱ्हाडचा कापूस आठवला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडकडे वळले. १८६७ पर्यंत मुंबई–नागपूर रेल्वे वऱ्हाड ओलांडून गेली. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या कापसाला नाव होतं: 'ऊमरा'. इंग्रज अमरावतीला 'उमरावती' लिहीत, त्याचा हा अपभ्रंश. म्हणजे शॅम्पेनसारखंच जागेच्या नावाने ओळखलं जाणारं पीक आमच्याकडेही होतं. पण ते नाव कास्तकाराच्या हाती कधी आलं नाही. भेसळीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे खानदेशचा कापूसही 'ऊमरा' म्हणूनच विकला जाऊ लागला. मुंबईच्या कापूस बाजारात 'ऊमरा' हे सट्ट्याच्या सौद्याचं नाव झालं आणि शेवटी इतिहासात जमा झालं. आज अमरावतीत कोणाला विचारावं, तर हा शब्द ओळखीचा निघत नाही.

नारायणगावची बाटली

महाराष्ट्रात खरोखर शॅम्पेनच्या रीतीने फेसाळ वाइन झाली ती नारायणगावात. पुणे–नाशिक रस्त्यावरचं, जुन्नर तालुक्यातलं, तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. १९८० च्या दशकात शाम चौगुले यांनी पिपर-हाइडसीक या १७८५ पासूनच्या शॅम्पेन घराण्याची तांत्रिक मदत घेऊन इथे कारखाना उभारला. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवणं, मान खाली करून फिरवणं, गाळ काढणं, सगळं शॅम्पेनच्या शिस्तीनं. परदेशी विक्रीसाठी तिचं नाव ठेवलं 'ओमर खय्याम'. मराठी वाचकाला हा कवी माधव जूलियनांनी १९२९ मध्ये 'रुबाया'तून भेटवलेला होता. देशात तीच तऱ्हा 'मार्कीज द पाँपादूर' या फ्रेंच नावाने आली.

प्रयोग सोपा नव्हता. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते, इथे झोपतच नाही. म्हणून आपल्या बागायतदाराला दोनदा छाटणी करावी लागते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडीची. फेसाळ वाइनला आंबटपणा हवा. इथल्या उन्हात साखर झपाट्याने चढते, त्यामुळे घड जरा आधीच उतरवावे लागतात. तरीही बाटली उत्तम निघाली आणि ब्रिटनमधल्या मद्यसमीक्षकांनी तिची दखल घेतली. पण कंपनी २००८ च्या मंदीच्या आगेमागे कर्जात रुतली, मुंबई उच्च न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला आणि पाव शतकाची परंपरा एका पिढीत आटोपली. कंपनीच्या मूळ नावात 'शॅम्पेन' हा शब्द होता, शेवटच्या काळात तोही गळला होता.

कायदाही तोवर बदलला होता. भौगोलिक निर्देशनाचा भारतीय कायदा १९९९ चा, तो २००३ पासून लागू झाला. आता दिंडोरीजवळ जी 'शांदों' नावाची फेसाळ वाइन होते, ती करणारी कंपनी मोएत या शॅम्पेन घराण्याचीच. रीत तीच, मालक तेच. तरी बाटलीवर शॅम्पेन लिहिता येत नाही, कारण माती दिंडोरीची. १९११ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांची मागणी नेमकी हीच होती: मालक कोणीही असो, नाव मातीचं. याच कायद्याचा आधार घेऊन नागपूरच्या संत्र्याने आणि 'नाशिक व्हॅली वाइन'ने आपापली नावं नोंदवून घेतली आहेत. 'ऊमरा'च्या वेळी असा कायदा नव्हता, आणि मागणारंही कोणी नव्हतं.

आमचं पेव पुढे बुजवलं. घराची पडझड झाली तेव्हा त्याच भिंतींची माती त्यात लोटली. आजीला मी एकदा विचारलं होतं, पेवातली ज्वारी कोणत्या शेतातली, कोणत्या सालची, हे कुठे लिहून ठेवत होते का? ती म्हणाली, "लिव्हाचं कायले? खाल्ल्यावर समजते नं." तिला ते समजतही असे. भाकरी तव्यावर टाकताना ती सांगायची, ही गुदस्ताची, ही त्याच्या मागच्या सालची. सालाची ती चव फक्त तिच्या जिभेवर होती, आणि तिच्यासोबतच गेली.