बाळ कोणापाशी ठेवलं होतं?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. एरवी चहाबरोबर भाजीचे भाव आणि सिलिंडरच्या नंबरवर गाडी येते. त्या दिवशी मी म्हटलं, आज तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगते. चिखलातून, थंडीतून, डोंगरातून चार दिवस धावत राहिलेल्या बाईची. अंगावर पिणारं बाळ असलेल्या बाईची.

गोष्ट संपली. सगळ्या गप्प. मला वाटलं, आता टाळ्या पडतील! पण कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी शांतपणे विचारलं, "सगळं खरं गं. पण बाळ कोणापाशी ठेवलं होतं?"

खरं सांगते मैत्रिणींनो, मी मनातून चिडलेच. पण त्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी गोष्ट तर ऐका.

इंग्लंडच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेली एक डोंगररांग आहे, पेनाइन नावाची. तिला इंग्लंडचा कणा म्हणतात. त्या रांगेवरून जाणारी 'पेनाइन वे' ही पायवाट 1965 साली लोकांसाठी खुली झाली. दक्षिणेला ईडेल हे छोटं गाव, उत्तरेला स्कॉटलंडच्या हद्दीतलं कर्क येटम. मध्ये अंतर 268 मैल, म्हणजे जवळजवळ 431 किलोमीटर. मुंबईहून निघालात तर कोल्हापूर गाठूनही चालणं शिल्लक राहील, एवढं!

या वाटेवर 2012 पासून दर जानेवारीत एक शर्यत होते. तिचं नावच 'स्पाइन रेस', कण्यावरची शर्यत. वेळ सात दिवसांचा. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. तुम्ही धावा, चाला, जेवा की झोपा, ते चालूच. वाटेत मुक्कामाची पाच ठिकाणं असतात. तिथे गरम जेवण मिळतं, पाठ टेकता येते. बाकी स्लीपिंग बॅग, शेगडी, खाणं, नकाशा सगळं आपल्या पाठीवर.

डोंगर म्हणाल तर आपल्या सह्याद्रीपुढे बुटकेच. या वाटेवरचं सर्वांत उंच ठिकाण क्रॉस फेल 893 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून जरासंच अधिक. पण एक डोंगर चढायचा, उतरायचा, पुन्हा दुसरा चढायचा, असं करत सगळ्या चढांची बेरीज एव्हरेस्टच्या उंचीच्याही पुढे जाते.

आणि चिखल! आपल्याकडे चिखल पावसाळ्यात. तिकडे तो हिवाळ्यातच जास्त. त्या माळांवर हजारो वर्षं शेवाळ साचत आलंय. जमीन कायम ओली, त्यामुळे ते पुरतं कुजत नाही. थरावर थर बसून काळी, स्पंजासारखी जमीन तयार झालीय. पाय टाकला की घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत आत. भाताच्या खाचरात चिखलणी झाल्यावर पाय कसा रुततो ते तुम्हाला ठाऊक आहे. तसंच, फक्त पाणी बर्फासारखं गार. वाट फार तुडवली जाऊन खराब झाली म्हणून काही ठिकाणी मोठमोठ्या फरशा टाकल्यात. त्यातल्या पुष्कळशा बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीच्या आहेत. म्हणजे जिथे एकेकाळी कामगार बायका उभ्या राहून राबल्या, त्याच दगडांवरून आता ही वाट जाते!

जानेवारीत तिकडे दिवस जेमतेम आठ तासांचा. उरलेले सोळा तास अंधार. डोक्याला बॅटरी बांधायची आणि तिच्या उजेडाच्या वर्तुळात पुढचं पाऊल शोधायचं.

13 जानेवारी 2019 च्या सकाळी ईडेलहून निघालेल्या शंभराहून जास्त धावपटूंमध्ये एक होती जॅस्मिन पॅरिस. वय पस्तीस. पेशाने जनावरांची डॉक्टर. एडिंबरो विद्यापीठात रक्ताच्या कर्करोगावर पीएच.डी. चालू, प्रबंध पुरा करायची तारीख डोक्यावर. आणि घरी चौदा महिन्यांची मुलगी, रोवन.

शर्यतीला नाव दिलं तेव्हा तिला वाटलं होतं, जानेवारीपर्यंत लेकीचं अंगावरचं सुटेल. पण नाताळात लेक आजारी पडली. आजारी लेकराला आईच लागते, हे कुठल्याही देशात सारखंच. पिणं काही सुटलं नाही. आता चार दिवस बाळापासून लांब राहायचं तर काय होणार, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. पान्हा दाटतो, छातीत गाठी होतात, ताप भरतो. म्हणून तिने सामानात दूध काढायचा पंप घेतला. मुक्कामाच्या ठिकाणी इतर जण खात, मोजे बदलत, तासभर डोळा लावत. हिला या सगळ्याच्या जोडीला दूधही काढायचं होतं. तेवढी झोप कमी!

पुढची दोन-तीन रात्रं कशी गेली असतील? सगळ्या शर्यतीत तिची झोप झाली जेमतेम तीन तास. शेवटी शेवटी तिला भास व्हायला लागले. वाटेतल्या दगडादगडातून जनावरं बाहेर येताहेत असं वाटायचं. आपण इथे काय करतोय, हेच मधूनमधून विसरायला व्हायचं. तिच्या बरोबरीने बराच काळ धावत होता स्पेनचा युजेनी रोसेयो. तो 2013 सालचा विजेता, म्हणजे वाट त्याच्या ओळखीची. तोही शेवट अवघा सहा-साडेसहा किलोमीटरवर असताना गारठून गेला आणि त्याला मदत मागवावी लागली. थंडी नवखा-जाणता बघत नाही.

बुधवारी संध्याकाळी जॅस्मिन कर्क येटमला पोचली. तिथल्या हॉटेलच्या भिंतीला हात लावला की शर्यत संपते. वेळ झाला होता 83 तास, 12 मिनिटं, 23 सेकंद. बायकांमध्ये पहिली नव्हे हं, सगळ्यांमध्ये पहिली! ही शर्यत असा मान मिळवणारी ती पहिलीच बाई. आधीचा विक्रम होता 95 तासांचा, 2016 साली ओवेन कीथ या पुरुष धावपटूने केलेला. तो तिने बारा तासांनी मोडला. त्या वर्षी दुसरा आलेलाही हाच ओवेन कीथ, तिच्यामागून पंधरा तासांनी. पुढे 2024 साली जॅक स्कॉटने त्याहून कमी वेळ नोंदवला, पण 2019 च्या त्या बुधवारी या वाटेवर तिच्याइतक्या लवकर कोणीच पोचलेलं नव्हतं.

शेवटाला नवरा लेकीला घेऊन उभा होता. चिखलाने भरलेल्या आईने आधी लेकीला घेतलं.

आता बायकांच्या धावण्याचा मागचा इतिहास थोडा बघू या. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची 800 मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, झालं! एवढं धावणं बायकांच्या प्रकृतीला झेपत नाही, अशा बातम्या रंगवून छापल्या गेल्या आणि ती शर्यतच बंद. पुन्हा सुरू व्हायला 1960 उजाडलं, म्हणजे तब्बल 32 वर्षं! मॅरेथॉन तर बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये आली 1984 साली. पुरुष तिथे 1896 पासून धावत होते. 800 मीटर झेपत नाहीत म्हणून ज्यांना घरी बसवलं, त्यांच्याच नाती-पणती आज 431 किलोमीटर धावताहेत. म्हणून बाई पुरुषाहून वरचढ, असं मी म्हणत नाही. पण बायका सुरुवातीलाच जोर न लावता एका चालीने अंतर कापतात, हे मॅरेथॉनच्या आकड्यांत दिसलं आहे. चार दिवसांच्या वाटेवर ही सवय किती कामाची असेल!

आणि नियमांचं काय? 2018 साली आल्प्स पर्वतातल्या एका मोठ्या शर्यतीत सोफी पॉवर ही ब्रिटिश बाई तीन महिन्यांच्या बाळाला वाटेत पाजतानाचा फोटो जगभर गाजला. ओली बाळंतीण धावायला कशाला गेली, असं पुष्कळांनी विचारलं. पण दुखापत झाली तर नाव पुढच्या वर्षी ढकलता येत होतं, गरोदरपणासाठी ती सोय नव्हती. जागा हातची जाऊ नये म्हणून ती धावली. पुढे ओरड झाली, आणि बऱ्याच शर्यतींनी गरोदर बायकांसाठी नियम बदलले. पायात बळ असून भागत नाही, नियमातही जागा लागते.

आणि घरातही. आता आजींच्या प्रश्नाकडे येते.

मी चिडले, कारण हा प्रश्न आपल्याला टोमण्यासारखाच ऐकायची सवय. आमचे 'हे' चार दिवस पंढरीला गेले, कामासाठी परगावी गेले, तर पोरं कोणापाशी ठेवली असं त्यांना कोणी विचारत नाही. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "बाळाला बाप होता ना!"

आजी म्हणाल्या, "तेच विचारत होते गं."

मग त्या सांगत गेल्या. लावणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला झोळी बांधून त्यांनी तान्ह्या लेकाला ठेवलं होतं. वर पाऊस, खाली गुडघाभर चिखल. लेक रडला की पान्हा फुटून चोळी भिजायची, पण ओळ अर्धी सोडून जाता यायचं नाही. घेणारं कोणी नव्हतं. "तुझी ती बाई हौसेने चिखलात उतरली, मी पोटासाठी. पण तिचं बाळ कोणीतरी कडेवर घेतलं होतं, हे ऐकून बरं वाटलं बघ."

मला काय बोलावं ते सुचेना. आजींना टोमणा मारायचाच नव्हता. गोष्टीतला सगळ्यात मोठा मुद्दा, जो मी अर्ध्या वाक्यात उरकला होता, तोच त्यांनी नेमका धरला होता. जॅस्मिन पहाटे चार-पाचला उठून सराव करत होती, ती तिची जिद्द. पण ती चार दिवस बाहेर राहू शकली, ती घरच्यांनी बाळ सांभाळलं म्हणून. जिद्दीचं कौतुक आपण फार करतो. बाळ घेणाऱ्या हातांचा विषय मात्र निघतच नाही.

आजींच्या शेजारी त्यांची नातसून बसली होती. शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत धावलेली, आता मांडीवर आठ महिन्यांचं लेकरू. तिने हळूच विचारलं, "पण पिणारं बाळ असताना धावलं तर दूध आटतं ना? आंबतं म्हणतात."

तर मैत्रिणींनो, ही समजूत आधी काढून टाका. बेताच्या व्यायामाने दूध आटत नाही, आंबत नाही आणि बाळाच्या वाढीवरही परिणाम होत नाही. मात्र काही पथ्यं पाळायला हवीत. बाळंतपणानंतर निदान तीन महिने धावायचं नाही, आधी चालणं. ओटीपोटाच्या आणि खालच्या स्नायूंना बळ येऊ द्यायचं. धावताना लघवी सुटत असेल, ओटीपोट जड वाटत असेल तर लाजून गप्प न बसता डॉक्टरांना दाखवायचं. सिझेरियन झालं असेल तर त्यांना विचारूनच सुरुवात. निघण्याआधी बाळाला पाजलं की अंग हलकं राहतं. पाणी भरपूर प्यायचं आणि पोटभर जेवायचं. आधी सगळ्यांना वाढून उरलेलं खायचं, ही सवय तेवढी सोडा!

जॅस्मिन पुढेही थांबली नाही. दुसरं मूल झाल्यावर मार्च 2024 मध्ये तिने अमेरिकेतली बार्कली मॅरेथॉन पुरी केली. घनदाट जंगलातली, शंभर मैलांची, साठ तासांची ती शर्यत तोवर एकाही बाईने पूर्ण केली नव्हती. जॅस्मिन पोचली तेव्हा वेळ संपायला 99 सेकंद उरले होते.

आमच्या गावात बर्फ नाही, पेनाइन नाही. गावामागे एक टेकडी आहे, वर देवीचं देऊळ. परवा पहाटे मी फिरायला गेले तर आजींची नातसून टेकडी चढत होती. धावत नव्हती, भरभर चालत होती. मी विचारलं, "काय गं, बाळ कोणापाशी?"

"त्याच्या बाबांकडे," ती म्हणाली. "आजींनीच उठवलं त्यांना."

तुमच्या शेजारीपाजारी अशी एखादी असेल तर हा प्रश्न तिला जरूर विचारा. आणि उत्तर नसेल तिच्याकडे, तर तासभर बाळ आपल्याकडे घ्या.