अंडीही हवीत, मांसही हवं!

चेन्नई-बंगळूर महामार्गावरच्या इरुंगाट्टुकोट्टैचं नाव झालं ते मोटारींमुळे. ह्युंदाईच्या इथल्या कारखान्यातून १९९८ साली पहिली सॅन्ट्रो बाहेर पडली. पण याच तमिळनाडूची दुसरी ओळख आहे ती कोंबड्यांची. नामक्कलची अंडी प्रसिद्ध, तर पल्लडमचं ब्रॉयलर! अंड्यांचं गाव वेगळं, मांसाचं गाव वेगळं.

ही वाटणी उगाच झालेली नाही. कोंबडीच्या पोटात गेलेला दाणा एक तर अंगावर चढतो, नाही तर अंड्यात उतरतो. पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. पण तिचं वजन जेमतेम दीड किलो. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. पण परसात सोडला तर त्याला धड पळताही येत नाही. घरच्या दहा कोंबड्यांकडून मात्र गृहिणीला दोन्ही हवं असतं. मुलांना अंडं हवं, आणि सणावाराला विकायला कोंबडाही.

कोणती जात निवडाल?

या गरजेसाठी शास्त्रज्ञांनी 'दुहेरी उपयोगाच्या' जाती तयार केल्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची 'गिरिराज' महाराष्ट्रातही परिचित आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने 'वनराजा' आणि 'ग्रामप्रिया' दिल्या. चेन्नईतल्या नंदनम भागाचं नाव लाभलेली कोंबडी तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाची.

निवड करताना आधी आपली गरज ठरवा. साधी देशी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते. परसातली वनराजा शंभर ते एकशेवीस, तर ग्रामप्रिया एकशेसाठच्या पुढे जाते. म्हणजे दहा देशी कोंबड्यांपासून रोज दीड अंडं, वनराजापासून तीन, तर ग्रामप्रियापासून चार! घरात खाणारी मुलं असतील तर ग्रामप्रिया बरी. कोंबडे विकून पैसा करायचा असेल तर वनराजा. तिचे नर दहा-बारा आठवड्यांत सव्वा किलोच्या पुढे जातात. दोन्हींचा रंगीबेरंगी पिसारा देशी कोंबड्यांसारखाच दिसतो, त्यामुळे गिऱ्हाईकही नाक मुरडत नाही.

फसगत होते ती इथे

पहिली गोष्ट म्हणजे या संकरित कोंबड्यांची अंडी घरी उबवून पुढची पिढी वाढवू नये. आईचे गुण पिल्लांत पुरते उतरत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत अंडी घटतात आणि 'जातच खोटी निघाली' असं वाटू लागतं. पिल्लं दर वेळी सरकारी किंवा खात्रीच्या उबवणी केंद्रातूनच आणावीत. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. घरची पैदास हवी असेल, तर दोन-चार देशी कोंबड्या वेगळ्या राखाव्यात, त्यांना कोंबडाही देशीच ठेवावा.

दुसरी गोष्ट, लाडाने भरपूर दाणा घालणं. वनराजाची तलंग जास्त लठ्ठ झाली की अंडी कमी होतात. सहाव्या महिन्यात, अंड्यावर येताना, तिचं वजन सव्वादोन ते अडीच किलोंत राहावं.

तिसरी गोष्ट लसीची. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग एका आठवड्यात खुराडं रिकामं करू शकतो. लासोटा लस पहिल्या आठवड्यात आणि राणीखेतचीच आर-टू-बी लस आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास द्यावी. ती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, थंड ठेवूनच आणावी.

सुरुवात थोडक्यात करा

पहिले चार-सहा आठवडे पिल्लांना ऊब लागते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियस, मग हळूहळू कमी. पिल्लं दिव्याखाली गर्दी करू लागली तर थंडी वाजते आहे, लांब पळाली तर उकडतं आहे असं समजावं. परसात सोडल्यावर दिवसा घार आणि मुंगूस, रात्री बोका यांची भीती असते; म्हणून संध्याकाळी खुराड्याचं दार लावायला विसरू नये. अंड्यावर आलेल्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा द्यावा, म्हणजे कवच पातळ राहत नाही.

एकदम शंभर पिल्लं आणण्यापेक्षा दहा-पंधरा आणून एक वर्ष पाहावं. किती अंडी मिळाली, किती विकली, दाण्यावर किती गेले, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज टिपून ठेवावं. कोणती जात आपल्या परसाला मानवते, हे त्या आकड्यांवरूनच कळेल.