हिरड्यांतून येणारे रक्त

दात दुखू लागला की माणूस दंतवैद्याकडे धाव घेतो. हिरड्यांचे तसे नाही. हिरड्यांचा विकार बहुधा वर्षानुवर्षे न दुखता वाढतो. त्यामुळेच आमच्या दंतविभागात येणारा रुग्ण पुष्कळदा दात हलू लागल्यानंतर येतो. त्या दातांना कीड नसते, ते दिसायला धडधाकट असतात; पण त्यांचा आधार नाहीसा झालेला असतो. म्हणून या विकाराची माहिती वाचकांसमोर थोडी विस्ताराने मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

दात हिरडीत रोवलेला असतो, हा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्याचे मूळ जबड्याच्या हाडातील खोबणीत असते व सूक्ष्म तंतूंनी ते हाडाशी बांधलेले असते. हिरडी हे वरचे आवरण होय. दात आणि हिरडी यांच्या सांध्यापाशी जंतूंचा एक मऊ, चिकट थर सतत साचत असतो. तो वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षार त्यात बसून तो कठीण होतो. यालाच आपण कीटण म्हणतो. खालच्या पुढील दातांच्या आतल्या बाजूस आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूस ते अधिक आढळते, कारण लाळग्रंथींची मुखे तेथे जवळ असतात.

हा थर हेच हिरड्या सुजण्याचे मूळ कारण आहे, हे १९६५ साली डेन्मार्कमधील संशोधक हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी साध्या प्रयोगाने दाखवून दिले. निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींनी दात घासणे पूर्णपणे थांबविले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू करताच थोड्याच दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे ही पहिली अवस्था पूर्णतः बरी होणारी आहे. तिचे ठळक लक्षण एकच : घासताना रक्त येणे. आणि नेमके येथेच बहुतेकांचे चुकते. रक्त दिसले की जखम झाली असे समजून ती जागा घासणे सोडून दिले जाते, थर अधिक साचतो आणि सूज वाढते. खरे तर तीच जागा मऊ ब्रशने, हलक्या हाताने, परंतु न चुकता स्वच्छ करावयास हवी. तरीही आठ-दहा दिवसांत रक्त थांबले नाही, तर तपासणी करून घ्यावी.

उपेक्षा झाल्यास काही व्यक्तींमध्ये सूज खोलवर उतरते. हिरडी दातापासून सुटते, तेथे खिसा तयार होतो आणि आतील हाड झिजू लागते. हाच पायोरिया. झिजलेले हाड सहसा परत येत नाही; उपचारांनी झीज थांबविता येते एवढेच. ‘दात साफ केल्याने ते हलू लागतात’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो, व ती अगदीच निराधार आहे असेही नाही, कारण रुग्णाला तसा अनुभव खरोखर येतो. दातांमधील फटी कीटणाने लिंपल्यासारख्या बुजलेल्या असतात. ते काढताच फट दिसते, थंड पाणी झोंबते आणि दाताचा सैलपणा जाणवतो. पण हाड त्यापूर्वीच गेलेले असते.

तंबाखूविषयी स्वतंत्रपणे सांगावयास हवे. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून विकार आत वाढत असताना बाहेरून सारे ठीक भासते. ग्रामीण भागात घरच्या तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी अनेक स्त्रिया दात स्वच्छ राहतात या समजुतीने लावतात. वास्तविक ती तंबाखूच आहे. तिची सवय जडते, हिरड्या मागे हटतात आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका संभवतो.

निगा राखण्यास खर्च फारसा नाही. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून, दोन मिनिटे, सकाळी आणि विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी वापरावा. राखुंडी अथवा विटेची पूड टाळावी. कडुनिंबाची काडी बाहेरील बाजूपुरती ठीक. दातांच्या फटींत ती पोहोचत नाही. तेथे दोरा किंवा बारीक ब्रशच हवा.

मधुमेही रुग्णांनी हिरड्यांकडे अधिक लक्ष द्यावे. रक्तातील साखर अनियंत्रित असेल तर हिरड्यांचा विकार बळावतो, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत मधुमेहींच्या एचबीएवनसी तपासणीचा आकडा सरासरी ०.४ च्या आसपास उतरल्याचे आढळले आहे. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. अशा वेळी दातांची सफाई करून घेण्यास भिण्याचे कारण नाही. रक्तदाबावरील अॅम्लोडिपिन किंवा फिट्सवरील फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या दातांवर वाढू लागतात. असे दिसल्यास दंतवैद्यास चालू औषधांची चिठ्ठी दाखवावी. औषध मात्र परस्पर बंद करू नये. बदलाचा निर्णय ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.