लशीचा ताप की आजाराचा ताप?

महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या तीन कोटींहून अधिक मुलांना ही लस द्यायची होती. त्यांतली बहुसंख्य मुले शाळेत जाणारी, त्यामुळे टोचण्याचे बरेचसे काम वर्गांतच झाले आणि नंतरच्या तक्रारीही साहजिकच आधी शिक्षकांकडे आल्या.

निगडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात अनेक पालक कारखान्यांत पाळीवर जातात. मूल तापले की रजा काढायची की गोळी देऊन शाळेत पाठवायचे, हा प्रश्न घरोघरी पडतो. अशा वेळी ‘परवाच लस दिली ना, त्याचाच ताप’ हे उत्तर सोयीचे असते. पुष्कळदा ते खरेही असते. पण ते चुकले तर डेंग्यूचा ताप लशीच्या नावावर खपतो आणि उपचार लांबतो. उलट, साध्या सर्दीचे खापर लशीवर फुटले तर धाकट्या भावंडाची लस राहून जाते.

हा निवाडा करताना तापमापकाइतकीच दिनदर्शिका उपयोगी पडते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात त्या धनुर्वात-घटसर्पाच्या लशीत जिवंत असे काही नसते. असते ते जंतूंचे निष्प्रभ केलेले विष. ते टोचताच शरीरातल्या संरक्षक पेशी जाग्या होतात आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे दंड दुखतो, अंग कसकसते, ताप येतो. हे सारे पहिल्या एक-दोन दिवसांत घडते आणि ओसरते.

गोवराच्या लशीची गोष्ट निराळी. तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. त्याला आधी शरीरात वाढावे लागते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून या लशीचा ताप साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो व एक-दोन दिवस टिकतो. तो शंभरात पाच ते पंधरा मुलांना येतो. फिकट पुरळ त्याहून कमी मुलांना उठते. ज्या मुलाच्या रक्तात गोवराविरुद्धचे प्रतिपिंड आधीच आहेत, त्याच्या शरीरात हा विषाणू वाढूच शकत नाही. त्यामुळे दुसऱ्या मात्रेनंतर त्रास क्वचितच होतो. लस घेतली त्याच रात्री ताप फणफणला, तर तो गोवराच्या विषाणूच्या वाढीचा नव्हे. तेवढ्या वेळात तो वाढलेलाच नसतो.

दिवसाइतकेच महत्त्व लक्षणांच्या जातीला आहे. २०२१ मध्ये कोविडची लस घेतल्यावर अनेकांना दुसऱ्या दिवशी ताप आला, पण खोकला किंवा वास जाणे ही लक्षणे लशीची नव्हती. दंडात टोचलेली ती लस घशात किंवा नाकात वाढत नाही. वाहते नाक आणि खोकला सोबत असला, तर संसर्ग दुसरा कुठला तरी आहे असे धरावे. आणि धाप लागणे, आकडी, गुंगी, सतत उलट्या यांपैकी काही दिसले किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर लस कधी दिली याचा हिशेब न मांडता मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.

लस देताना वर्गातली एक मुलगी चक्कर येऊन पडते आणि रांगेतल्या आणखी दोघी-तिघी तिच्यामागोमाग. शिक्षकांना हे दृश्य परिचित असेल. ही बहुधा भीतीची घेरी असते. चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, नाडी मंद होते. आडवे करून पाय उंचावले की थोड्याच वेळात बरे वाटते. लशीची खरी तीव्र ॲलर्जी फार विरळ, दहा लाख मात्रांमागे एखादी. तिच्यात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास घरघरतो, नाडी जलद चालते, आणि आडवे करून भागत नाही. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ते यासाठीच. ही अर्ध्या तासाची शिस्त मात्र घाईत सर्वांत आधी मोडली जाते.

एखादी गोष्ट लशीनंतर घडली म्हणजे लशीमुळेच घडली का? फिनलंडमध्ये ५८१ जुळ्यांच्या जोड्यांवर केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एका मुलाला गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिली, दुसऱ्याला लशीविना द्राव, आणि तीन आठवड्यांनी अदलाबदल केली. कोणाला केव्हा काय दिले हे पालकांना ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नाही. आईवडिलांनी कितीतरी तक्रारी नोंदवल्या, पण त्यांतल्या बहुतेक तक्रारी लशीविना द्राव मिळालेल्या मुलांतही तितक्याच होत्या. लशीच्याच म्हणता येतील अशा तक्रारी अवघ्या अर्धा ते चार टक्के मुलांत आढळल्या.

असा प्रयोग शाळेत करता येणार नाही, पण त्याचा एक धाकटा भाऊ तुमच्या कपाटातच आहे: हजेरीपट. समजा, शाळेत १२०० मुले आहेत आणि प्रत्येक मूल वर्षातून तीनदा तापाने आजारी पडते. म्हणजे वर्षाला ३६०० ताप, दिवसाला जवळजवळ दहा. लशीऐवजी नुसते पाणी टोचले, तरी पुढच्या दोन दिवसांत वीसेक मुले तापणारच. लसीकरणाआधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन आठवड्यांतली गैरहजेरी शेजारी मांडून पाहा. आठवी-नववीच्या मुलांकडून तिचा आलेख काढून घेता येईल. मध्ये सुट्टी किंवा सहल आली असेल तर ती लक्षात घ्यावी लागेल, हे मुले स्वतःच सांगतील.

एक पेच मात्र दिनदर्शिकेने सुटत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली आणि साथ चालू असतानाच लहान मुलांना लशीची जादा मात्रा देण्यात आली. अशा एखाद्या मुलाला दहाव्या दिवशी ताप आणि पुरळ आले, तर ते कशाचे? लस घेण्याआधीच खऱ्या गोवराची लागण झालेली असू शकते, आणि त्यालाही लक्षणे दिसायला दहाएक दिवसच लागतात. रक्तातले प्रतिपिंड तपासूनही उलगडा होत नाही, कारण ते दोन्हींत निर्माण होतात. मग घशातला नमुना घेऊन विषाणूचा जनुकीय प्रकार पाहतात. लशीतला विषाणू ‘ए’ प्रकारचा असतो, तर भारतात फिरणारा गोवर ‘डी-८’सारख्या इतर प्रकारांचा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत असे परीक्षण होते. फरक महत्त्वाचा आहे, कारण लशीच्या पुरळापासून शेजारच्या मुलाला लागण होत नाही, तर खऱ्या गोवराची वर्गभर होऊ शकते. निदान होईपर्यंत अशा मुलाला घरीच ठेवायला सांगावे आणि डॉक्टरांकडे जाताना लसीकरणाचे कार्ड बरोबर द्यावे. त्यावरची तारीख नसेल, तर असा नमुना तपासायला हवा हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.