खुरांचे सोने आणि मुळांच्या गाठी

मेंढीच्या खुरांनी जमिनीचे सोने होते, अशी इंग्लंडमधील शेतकऱ्यांची जुनी समजूत आहे. परंतु हे सोने नेमके कोठून येते, याचे उत्तर मेंढी कोठे चरते आणि कोठे बसते यावर अवलंबून असते. दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांवर दिवसभर चरलेले कळप पूर्वी रात्री पायथ्याच्या शेतांत कुडांच्या आवारात कोंडले जात, आणि टेकडीवरच्या गवतातील पोषकद्रव्ये लेंड्या व मूत्रावाटे शेतात उतरत. महाराष्ट्रात धनगरांकडून शेतात मेंढ्या बसवून घेण्याची आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देण्याची पद्धतही याच तत्त्वावर चालते. शेताला जे मिळते, ते माळरानाने गमावलेले असते.

गहू आणि बार्लीच्या फेरपालटीत दोन-तीन वर्षांपुरते जे कुरण पेरले जाते, ज्याला इंग्रज शेतकरी ‘ले’ म्हणतात, त्याचा हिशेब मात्र वेगळा आहे, कारण तेथे मेंढी ज्या शेतात खाते त्याच शेतात लेंड्या टाकते आणि स्वतःचे असे काहीच जमिनीत घालत नाही. भर घालते ते गवतासोबत पेरलेले क्लोव्हर हे द्विदल चारापीक, ज्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जीवाणू हवेतील नत्र वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात बांधतात. गाठींचे हे कार्य हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी १८८० च्या दशकात उलगडले. नॉरफोकमधील शेतकरी मात्र त्याआधी शतकभर सलगम, बार्ली, क्लोव्हर आणि गहू हा चार वर्षांचा क्रम निव्वळ अनुभवाच्या बळावर पाळत होते.

मग मेंढी हवी कशाला? खाल्लेल्या नत्राचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग ती पिकांना लवकर उपलब्ध होईल अशा रूपात परत करते हे खरे, पण मूत्र एकेका ठिकाणी साचत असल्याने त्यातला बराचसा नत्र अमोनिया होऊन उडतो किंवा पाझरून जातो. तिचे खरे महत्त्व आर्थिक म्हटले पाहिजे, कारण धान्याविना पडलेल्या शेताला मांसाच्या रूपाने उत्पन्न तीच मिळवून देते. नव्याने पेरलेल्या कुरणात जंतांच्या अळ्या जवळजवळ नसल्याने कोकरांनाही ते मानवते.

दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक नत्र स्वस्त झाले, पूर्व इंग्लंडमधील अनेक शेतांवरून जनावरे गेली आणि त्यांच्यामागे कुंपणेही गेली. तेथे मेंढी परतू लागण्यामागे जमिनीच्या कसाइतकेच ब्लॅकग्रास हे तणही कारणीभूत आहे, ज्याने अनेक तणनाशकांना दाद देणे सोडले आहे. जमिनीत पडलेल्या त्याच्या बियांपैकी दरवर्षी सुमारे ७० ते ८० टक्के नष्ट होतात. म्हणून मेंढ्यांनी तुरे खुडून नवे बी पडू दिले नाही, तर दोन वर्षांत मूळ साठ्याचा दहावा हिस्साही उरत नाही.

कुरण मोडण्याची वेळ साधणे मात्र नाजूक असते, कारण शरद ऋतूत नांगरल्यास कुजणाऱ्या मुळांतून सुटलेले नायट्रेट हिवाळी पावसासोबत भूजलात उतरते. नांगरट वसंतापर्यंत लांबवून बार्ली पेरली, तर तो नत्र पिकाच्या हाती लागतो, आणि मुख्यतः शरदात उगवणारे ब्लॅकग्रासही पेरणीआधीच मोडता येते.